सव्वातीनचा आकडा

तालुका सावली
ता. ९ डिसेंबर २०२४

प्रिय बेटा नंदिनी,

तुला बाबाचा जय भीम. इतक्या उशिरा लिहितो आहे, त्याची माफी कर. आईला जाऊन अकरा महिने होत आले. चार वेळा कागद घेऊन बसलो आणि तुझं नाव लिहून उठलो. तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. फोनवर हे मला बोलताही आलं नसतं. चौथीपर्यंतचं शिक्षण, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

अश्वजितरावांना जय भीम सांग. दिव्यानीला सकाळच्या शाळेत पाठवताना कानाला बांधत जा, वरोऱ्याला थंडी इथल्यापेक्षा जास्त असते. आपलं धानाचं चुरणं-मळणं झालं. तुझ्या वाटणीचा तांदूळ वेगळा काढून ठेवला आहे. त्यात सोंडे पडतील की काय, याची काळजी वाटते. शेजारची गुणाबाई म्हणते कडुनिंबाचा पाला टाक. टाकला आहे.

आता कामाचं लिहितो. गावाजवळची विमान उतरायची पट्टी तयार झाली. आवाज कुठपर्यंत पोचेल त्याची लाल रेषा सरकारने नकाशावर काढली आणि आपलं घर रेषेच्या आत आलं. घरात राहायला मनाई नाही. पण नवीन खोली नाही, वरचा मजला नाही. बँक अशा घरावर कर्ज देत नाही म्हणतात, मग उद्या विकायला काढलं तर घेणार कोण? घर आपलं, कर आपण भरायचा, आणि त्यावर वीट ठेवायची तर दुसऱ्याला विचारायचं. हरकत असेल तर २६ तारखेच्या आत द्यायची आहे. घरकुल आईच्या नावाचं, म्हणून वारस आपण दोघं. दोघांची सही लागते.

स्लॅब टाकला तेव्हाची गोष्ट तुला माहीत नसेल, तू तेव्हा नर्सिंगला होतीस. मिस्त्री वर निघालेल्या सळया कापायला लागला, तर आई त्याच्यावर धावली. ‘‘कापू नको रे बापा. वरती माह्या नंदाची खोली होणार हाये.’’ पुढे सळयांना गंज चढू नये म्हणून तिने प्रत्येकीवर प्लास्टिकची बाटली उलटी घातली. उन्हाने बाटल्या फुटल्या की नव्या घालायची. आता त्या मी बदलतो.

एवढंच कामाचं होतं. बाकीचं लिहायला अकरा महिने लागले.

मागच्या जानेवारीत आवाज मोजायचं मशीन आपल्या अंगणात ठेवलं होतं. तीन पायांवर उभं, डोक्याला काळा स्पंजचा गोळा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. दोन पोरं आली, मशीन लावून गाडीत जाऊन झोपली. त्याच्या आधी पानठेल्यावर एकाने सांगितलं होतं, ज्याच्या घरी आवाज जास्त त्याचं घर लाल रेषेत जाणार. कोणाला विचारावं, काही सुचलं नाही. मी ते खरं धरलं. भितो मी, तुला माहीत आहे. गुणाबाईला हात जोडून तिची चक्की बंद ठेवायला लावली. ती म्हणाली, ‘‘हरिदासभाऊ, मशीन हाये का घरी आलेला जवाई?’’ हसली, पण बंद ठेवली. कोंबड्या टोपल्याखाली झाकल्या.

आईचा खोकला झाकता येत नव्हता. राईस मिलमधल्या कोंड्याचा तो खोकला, तू नर्स आहेस, तुला मी काय सांगू. मी तिला म्हटलं, पाचपर्यंत दाबून धर, घराचा सवाल आहे. तिने पदराचा बोळा तोंडात धरला. तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मी ते पाहिलं आणि मशीनकडे पाहत बसलो.

तीनला तुझा फोन आला. वाजताच मी तो बंद केला. तिने हात पुढे केला. ‘‘द्या ना जी. मी हळूच बोलीन. नंदा वाट पाहून राह्यली असन.’’

मी म्हटलं, ‘‘पाच वाजू दे. मशीन आयकून राह्यलं.’’

ती भिंतीकडे तोंड करून निजली. थोड्या वेळाने तिला जोराची ढास लागली, ती थांबवता आली नाही. मी तिच्यावर चिडलो, बेटा. पाचला मशीन गेलं, मी फोन सुरू करून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, ‘‘आता दम नाई. उद्या बोलीन.’’ सकाळी ताप, मग चंद्रपूरचा दवाखाना. तू आलीस तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

तू विचारलंस, ‘‘फोन काऊन बंद होता?’’ मी म्हटलं टॉवर नव्हता. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू एवढंच बोललीस, ‘‘बाबा, गुणाबाईचा फोन लागून राह्यला होता,’’ आणि निघून गेलीस. तू बरोबर होतीस. टॉवर होता.

मागच्या आठवड्यात हरकतीची चौकशी करायला चंद्रपूरच्या कार्यालयात गेलो. माधवी नावाची बाई आहे, तुझ्याच वयाची, तिने बसायला खुर्ची दिली. मी तिला सांगितलं की आम्ही तर दिवसभर चूप बसलो होतो, तरी आमचं घर रेषेत कसं? तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा म्हणाली, ‘‘बाबा, विमान यायच्या आधी गाव कसं असतं, एवढंच त्या मशीनने टिपायचं होतं. रेषा पट्टीवरून मोजून आखतात. तुम्ही बोलला असता तरी तिथेच आली असती.’’

बसची वेळ झाली होती, तरी मला उठवेना.

तिनेच मग सांगितलं की सळयांचा फोटो लावा, वरची खोली रेषेच्या आधीच योजली होती असं लिहा, कदाचित ऐकतील. त्या दिवसाच्या आकड्यांचा कागदही तिने काढून दिला. दर पंधरा मिनिटांत सगळ्यात मोठा आवाज किती, ते त्यात लिहिलं आहे. दिवसभर छत्तीस, अडतीस, पस्तीस. सव्वातीनच्या पुढे एकाहत्तर. मी विचारलं, यात आवाज ऐकायला मिळतो का? म्हणाली, नाही, फक्त आकडा राहतो.

तो एकाहत्तर तुझी आई आहे. तो कागद मी हरकतीला लावला नाही. या पाकिटात तुला पाठवतो आहे, घडी त्या आकड्यावर पडू दिली नाही.

परवा चाचणीचं विमान आपल्या स्लॅबवरून गेलं. भांडी वाजली. त्याला कोणी चूप बस म्हटलं नाही.

हरकतीचा अर्ज सोबत आहे. माझी सही केली आहे, तुझी जागा मोकळी आहे. खोली तुझी आहे, माझ्यावरच्या रागाने तिचा हक्क सोडू नकोस. तरीही सही करावीशी वाटली नाही तर राहू दे, मी पुन्हा विचारणार नाही. पण सव्वातीनचा कागद मिळाला की नाही, तेवढं लवकर कळव. पोस्टाचा भरवसा वाटत नाही. फोन मी आता बंद करत नाही, आईच्या खाटेवर ठेवलेला असतो.

तुझा,
बाबा