खिळ्यावरची रोटी

४ ऑक्टोबर, कोकंद
खोली छान मिळाली. खिडकीशी बिहीचं झाड फळांनी वाकलंय. मोहल्ल्यासाठी मी बोतिर, शिलाई मशीन दुरुस्त करणारा. मालकीण सलोमत खालांचा मुलगा इल्होम सीमेपलीकडे लपलाय. तो आमच्या गुप्तचर खात्याला हवाय. भिंतीवर त्याची रोटी टांगली आहे. निघताना एक घास चावून ठेवलेली, उरलेली परतल्यावर खायची. माझी आईही असंच करायची. त्याचा पुढचा दात तुटका, म्हणून घासाच्या मधोमध कंगोरा राहिलाय.

११ ऑक्टोबर
माझं कांदा चिरणं बघून खाला म्हणाल्या, चाळिशी उलटली तरी बायको का नाही, ते कळलं. ताश्कंदला अहवाल द्यायला निघालो, तर दारात अडवून रोटी पुढे केली. चाव, म्हणजे परत येशील. ती इल्होमच्या शेजारी लागली. घास बोतिरने घेतला की मी? आणि परत कोणी यायचं?

१९ ऑक्टोबर
खालांनी चहा ओतता ओतता सांगितलं, गुरुवारी इल्होम कालव्याच्या पुलावरून येतोय. त्याला भाऊ म्हणून भेट, पोरा. मी वर कळवलं. साहेबांनी शब्द दिला, फक्त अटक होईल. विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं, हेही लिहून ठेवतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळपासून पुलावाचा वास. दुपारी निरोप आला: पुलावर पळाला, गोळी घातली, बेवारस म्हणून पुरला. आईला कळता कामा नये. खाला दाराकडे बघत भात झाकत होत्या. मी त्यांच्यासमोर बसून जेवलो. चांगला झाला होता.

२४ ऑक्टोबर
इल्होमच्या रोटीला दुसरा घास. कडा ओली. मधोमध तोच कंगोरा.
खाला हसत होत्या. म्हणाल्या, आला गं बाई माझा. तुला लाजतो, तू दुकानात गेलास की बाहेर येतो.

२६ ऑक्टोबर
उंदीर नाही. बघितलं. रोटी अर्धी राहिली. खालांनी आज डोळ्यांत सुरमा घातलाय. त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगितलं तर तो आजच मरेल, त्यांच्यासाठी. नाही सांगितलं तर—

२८ ऑक्टोबर
खात्याने परत बोलावलंय. त्याचा खिळा रिकामा. खाला म्हणतात, पोट भरलं नाही त्याचं. विचारत होता, पुलाचं कोणाला सांगितलंस. त्यांनी त्याला सांगितलं, फक्त तुझ्या भावाला.

२९ ऑक्टोबर
माझ्या रोटीला कंगोरा. बॅग भरलेली आहे. पाय निघत नाही — खाला एकट्या — नाही, एकट्या नाहीत —

३० ऑक्टोबर
माझी एका घासापुरती उरलीय. संपली की परत येणारा कोणी —
खाला हाक मारतायत. ये, भावाभावांनी शेवटचा घास वाटून खा. तीन वाट्या मांडल्यात. तिसरीतला चहा कमी होतोय.
बसतो. त्याने तोंड उघडण्याआधी खालांना मीच सांगायला हवं. खाला, माझं नाव बोतिर नाही. पुलाचं मीच —