अर्ध्यावर थांबलेला झेंडा

प्रिय बिर्ता,

आपल्या लग्नात तू माझ्या आईला म्हणालीस, "तुमचा मुलगा मला रोज ग्रीने करायला लावतो," तर ती माझ्यावरच भडकली! तुमच्या डेन्मार्कात ग्रीने म्हणजे हसणं, आमच्या नॉर्वेत रडणं. जुना मूळ अर्थ नुसता तोंड वेडंवाकडं करणं, हे तूच शोधून काढलंस.

परवा वृद्धाश्रमात तू मला विचारलंस, "आपण कोण?" म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

आज तुझा वाढदिवस, म्हणून आपल्या रीतीप्रमाणे अंगणात झेंडा चढवला. मग वाटलं, कोणासाठी? उतरवताना हात थांबले, आणि घरात कोणी गेलं की ठेवतात तसा झेंडा अर्ध्यावरच राहिला. शेजारचा ओडवार टोपी काढून धावत आला. "गेली का रे बिर्ता?"

माझं तोंड वेडंवाकडं झालं. पण मी 'नाही' म्हणालो नाही.

तुझाच,
तोरलाइफ