पाकीट उघडू नकोस

चि. धाकट्यास थोरलीचा आशीर्वाद. तू बरा आहेस असं धरून चालते. आईचा गुडघा कसा आहे ते कळव. (फोनच केला असता, पण तुझा फोन आई उचलते.) हे पत्र गावाकडच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देतेय, म्हणजे पोस्टाच्या आधी पोचेल. मागून आमच्या कचेरीचं जाड पाकीट येईल. ते घेऊ नकोस, घेतलंस तर उघडू नकोस, आल्या पावली परत पाठव. माझी निवृत्ती चार महिन्यांवर आलीय आणि त्याआधी नोटीस हातात पडायची वेळ आलीय.

झालं असं, कुणीतरी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. अख्ख्या कचेरीची वर्षभराची हजेरी आणि रजेचे अर्ज द्या म्हणे. साहेबांनी झेरॉक्सचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला, काळा मार्कर दिला आणि म्हणाले, मावशी, खाजगी तेवढं काळं करा. खाजगी म्हणजे काय ते विचारेपर्यंत साहेब मीटिंगला. मी सातवी शिकलेली शिपाई, पण अक्कल आहे. माणूस कामावर कधी आला, कधी गेला, पगार किती, हे चारचौघांत कुणी सांगतं का? ते सगळं काळं केलं. पत्ते, फोन, आजार तसेच ठेवले. (आजारात काय लपवायचं? साहेबांची मूळव्याध कचेरीतल्या मांजरालाही माहीत आहे.) दोन मार्कर संपले. पाकीट गेल्यावर साहेबांनी आमच्याकडची प्रत चाळली. मग म्हणाले, "मावशी, लोकांचं होतं ते झाकलंत आणि आमचं होतं ते वाटलंत." पाकीट न उघडता परत आलं तर नीट करून पुन्हा पाठवतो, नाहीतर वर कळवावं लागेल, म्हणाले. जावक वहीत अर्जदाराचं नाव बघितलं, तर तू. सख्ख्या बहिणीच्या कचेरीवर अर्ज टाकतोस आणि बोलत नाहीस?

तुझी,
थोरली

ता. क. दाखल्यासाठी हेलपाटे पडले म्हणूनच हजेरी मागितलीस ना? तुला हवं ते असंच घे. दाखल्यांचा कारकून मंगळवारी आणि शुक्रवारी सही करून जातो तो परत येत नाही. ते तुझ्या हक्काचं आहे, लेखी मिळेलच. या वेळी मार्कर दुसऱ्याकडे दिलाय.

ता. क. दोन. उघडलंच असशील तर एक्केचाळिसावं पान माझं आहे, फाडून टाक. सगळ्यांचे आजार उघडे ठेवून आपलाच कसा झाकायचा, म्हणून तोही ठेवला. छातीतली गाठ साधी निघाली, काळजी नको. त्या आठ दिवसांत मी ट्रेनिंगला गेले होते असं आईला सांगितलंय. ती शेजारीपाजारी सांगत असते ना, सरकारने माझ्या लेकीला निवडून पाठवलं म्हणून? सांगू दे.