जावेचा टेम्पो

१२ जानेवारी
आज परत भरून गेला! रंजिताचा टेम्पो. धाकटी जाऊ माझी — लग्नाला सहा वर्षं नाही झाली, अन् केळीच्या वेफरचं मशीन टाकून बसली. मी पंधरा वर्षं कढईवर किसणी धरून चकत्या पाडते, माझ्या पिशवीवर साधं नाव नाही. हिच्या पाकिटावर हिचा फोटो! सासूबाई पाकीट हातात घेऊन म्हणतात, "फोटो बेस आला गं." माझे वेफर खाऊन इतकी वर्षं ढेकर दिले, त्याचं काही नाही.

जळते मी. लिहून टाकलं, बरं वाटलं.

१४ जानेवारी
संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आली. "ताई, तुम्ही बी घेऊन टाका ना मशीन. हाथ से कब तक करोगे?" किती तो कळवळा!

१७ जानेवारी
वेफर लाल पडले. अख्खा घाणा गेला. कच्ची केळी उतरवली की त्याच दिवशी तळायची, हे मला कोणी शिकवायला नको. पण परवाची तशीच राहिली, कारण परवा सकाळभर मी गच्चीवर — तिच्या टेम्पोत किती खोकी चढतात ते बघत! यांना सांगितलं, तेल खराब होतं.

१९ जानेवारी
मशीन घ्यायचंच. आईच्या पाटल्या मोडून. हे म्हणाले, "पाटल्या तुझ्या, तू बघ. पण इचार कर."

बाबा नेपानगरच्या कागद मिलमध्ये होते. कागद उजेडापुढं धरून बघितल्याशिवाय पुढं सोडायचे नाहीत. घरातही तेच. मोठं काही करायचं असलं की कारणं लिहायला लावायचे, मग म्हणायचे, "आता दुसऱ्याचं नाव खोडून वाच. उरलं तेवढंच तुझं."

बसले लिहायला.

रंजिताचा माल बुऱ्हाणपूर सोडून भुसावळला जातो. नाव खोडलं. माल भुसावळला जातो. मग जाऊ दे ना, मला काय!

सासूबाई रंजिताचं कौतुक करतात. दोघींची नावं खोडली. काही उरलंच नाही. लाज वाटली.

किसणीनं माझा उजवा खांदा ठणकतो. यात कोणाचंच नाव नाही! हे खरं. हे माझं. तीनदा वाचलं.

२४ जानेवारी
पाटल्या मोडल्या. जळगावला जाऊन मशीनचे सगळे पैसे भरून आले. आता वापस घेत नाहीत म्हणे. न घेवोत! जळून नाही घेतलं. खांद्यासाठी घेतलं. आईशपथ.

२५ जानेवारी
रंजिता आली. डोळे सुजलेले. मशीन विकायला काढलंय! "माल वापस येतो ताई. टेम्पो सकाळी भरून जातो, अन् अंधार पडला की भरूनच येतो. कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला?"

चहा केला तिला. पाठीवरून हात फिरवला. माझ्या मशीनचं बोलले नाही.

२६ जानेवारी
सकाळपासून किसणीवर आहे. खांदा दुखतच नाही.