डावा पाय आणि कांगडी

४ नोव्हेंबर
बदली झाली ते बरंच झालं. डाक वाटायची, आणि राहायला पोस्टाच्या मागेच मुख्तादेदची माडी. म्हातारी सगळ्यांची देद, म्हणजे आजीच; प्रेमळ, जीभ मात्र तिखट. कांगडीच्या वेताच्या टोपलीतल्या मडक्यात शेकायला घालायचा कोळसा चिनारची पानं जाळून करत बसली होती. म्हणाली, अहद, तू एवढा सुकडा, तुला एक कांगडी पुरायची नाही. खारट नून चहा झाला, हुक्का झाला. मग डाक घेऊन एका दमात थेट पुलापर्यंत गेलो.

१९ नोव्हेंबर
पूल एका दमात होत नाही. रोटीवाल्यापाशी डाव्या पोटरीत गोळा येतो. दोन मिनिटं थांबलं की जातो. रोटीवाला रमजान सगळ्यांना सांगतो, पोस्टमनसाहेब रोटी घेत नाहीत, नुसता वास घ्यायला उभे राहतात.

२ डिसेंबर
डॉक्टर शाइस्ता म्हणाल्या, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, वर साखर. मी विचारलं, पाय राहील का? म्हणाल्या, बहुतेकांचा राहतो, वर्षानुवर्षं. खरा धोका हृदयाला. पण हुक्का बंद, गोळ्या चुकवायच्या नाहीत, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आणि तळवा बधिर आहे, कांगडी पायाशी अजिबात न्यायची नाही.

डोकंच फिरलं. चालून दुखतं म्हणून गेलो, तर म्हणे चाला. आणि ऐन डिसेंबरात कांगडी सोडा.

२१ डिसेंबर
आजपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी. मी आता मशिदीपर्यंतच. हुक्का एकदाच घेतो. बरं, दोनदा. पाय गार पडलाय. मुख्तादेद म्हणते, डॉक्टरणीला काय जातंय बोलायला, तिच्याकडे हीटर आहे. गारठलेल्या पायाला ऊब नाही द्यायची तर काय बर्फ लावायचा? ती कांगडी पायाशी सरकवते, मी परत लांब ढकलतो. दिवसभर हाच खेळ.

३ जानेवारी
फाटकापर्यंत. पोस्टमास्तर म्हणतात, जमत नसेल तर दुसरा माणूस मागवतो. चीड येते, कुणावर काढू कळत नाही. अंगठा काळसर दिसतो. सकाळी पायाला हात लागला आणि दचकलो – माझ्या अंथरुणात दुसऱ्याच कुणाचा तरी पाय.

९ जानेवारी
पडून राहिलो तरी दुखतं. पाय खाली सोडला की जरा बरं. परत दवाखान्यात जायचं तर बर्फाने रस्ता बंद. हरलो. देदला म्हटलं, राहू दे कांगडी.

१० जानेवारी, दुपार
दुखत नाहीये! फेरनच्या घोळदार झग्याखाली कांगडी, पाय तिच्याशी, तास झाला. उगाच महिनाभर भ्यालो. शाइस्ताबाईंना सांगायला हवं, की –

देद खालून विचारते, लोकर जळतेय का कुठे. इथे तर – वास येतोय खरा. मला काहीच –

फेरन उचलला. पाय कांगडीच्या आत. मोजा उरलेला नाही. अंगठा – नाही, हा माझा नव्हे – माझा असता तर दुखलं असतं –