रबराचं गांडूळ

२४ ऑग., रवि.
देपालपूर, ऑफिसातल्या पटेलजींच्या शेतातला तलाव. मरळ मासा एकही मिळाला नाही. गळाला लावलेलं रबराचं गांडूळ दिवसभर कमळाच्या पानांतून ओढलं, खांदे भरून आले. घरी बाबा त्याच खुर्चीत. आई गेल्यापासून जिना उतरलेले नाहीत. आणि हाच माणूस महूला फौजेत असताना जिवंत बेडूक लावून मरळी धरायचा! म्हणाले, "रबर खाएगी क्या मछली? पकडून दाखव बेटा, मग येतो मी तलावावर." हसत म्हणाले, पण म्हणाले. आता सोडत नाही.

२८, गुरु.
तुकोगंजच्या ऑफिसातून थेट घरी. गच्चीवर सराव. गळाचं टोक रबरातच लपवायचं, म्हणजे पानांत अडकत नाही. जमलं! बाबांनी वर येऊन बघावं म्हणून हाकांवर हाका मारल्या. शेवटी चिडले. "पीछे मत पड़ ना यार." मीही चिडले.

३१, रवि.
दोनदा धक्का लागला, दोन्ही सुटल्या. फार राग आला, स्वतःचाच. बाबांना सांगितलं तर खुर्चीतूनच,
"दोर ताणून धरतेस ना? पतंगासारखी ढील दे. किडा पाण्यात पडला की कसा बुडतो? अपने आप."
खरंच की. मी त्याला क्षणभरही बुडू देत नव्हते.

७ सप्टें., रवि.
मिळाली!! टाकलं, दोर सैल सोडला, हात गप्प. गांडूळ बुडता बुडता दोर आडवा सरकला. सैल दोर गुंडाळला, मग झटका. हातभर मरळ. आणि काठाशी पाण्यात लाल पिल्लांचा घोळका, तिथंच घुटमळत. तिचीच. घाईघाईनं सोडली. फोटो राहिला. मूर्ख मी.

बाबा म्हणाले, "दाखव." काय दाखवू? पिल्लांचं सांगितलं.
"रंग?"
"लाल."
"पिल्लं लाल असताना त्यांची आई नाहीच धरायची." एवढंच. येतो म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही. कसं आवरलं माझं मला माहीत.

१४, रवि.
सकाळ. खाली गाडीत बसून लिहितेय. निघताना फक्त म्हटलं, "बाबा, मी खाली आहे." वर कपाट उघडल्याचा आवाज आला. बूट बाहेर काढतायत की नुसतंच काही शोधतायत, कळत नाही. हॉर्नवर हात गेला होता, मागे घेतला.
ढील.