शिकंज्यातलं पत्र

५ मार्च

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

व्यापाराचं वेड म्हणून जिला तुम्ही शेठ म्हणता, त्या तुझ्या मुलीला दोन विद्यापीठांनी बोलावलं आहे. काल एकाच दिवशी दोन्ही पत्रं आली. आता खाली बसून वाच आणि पुस्तकबांधणीच्या खळीचे हात कागदाला लावू नकोस.

पहिलं विद्यापीठ आपल्या घरापासून गाडीने चार तासांवर. तिथे गेले तर दर शनिवारी घरी येता येईल. पण आंतरराष्ट्रीय व्यापार हा त्यांचा मुख्य विषय नाही, वाणिज्याच्या शेपटाला लावलेले दोन पेपर आहेत. दुसरं समुद्रापलीकडे. तिथे दोन वर्षं हाच विषय, त्यातले सहा महिने एखाद्या बंदरावरच्या कंपनीत काम. करार कसा लिहायचा, माल अडला तर कुणाशी कसं बोलायचं, सगळं प्रत्यक्ष. आमच्या वर्गातून त्यांनी दोघांनाच बोलावलंय. मात्र मधे घरी येणं होणार नाही. शिष्यवृत्ती दोन्हीकडे आहे, तेव्हा पैशाचं कारण पुढे करायला तुला वाव नाही.

३१ मार्चपर्यंत एकाला होकार कळवायचा आहे. खरं सांगते, मला समुद्रापलीकडे जायचं आहे. पण बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, त्यांची कागद कापायची सुरी कुणी वापरत नाही, तरी तू दर सोमवारी तिला धार लावतेस, हे मी पाहिलंय.

फोनवर विचारलं तर तू जेवलीस का एवढंच विचारशील. म्हणून आपल्या घरच्या रीतीने लिहून विचारते. जा म्हणालीस तर जाईन. नको म्हणालीस तर रुसणार नाही. फक्त कळव.

माया आहेच, तिला उणं पडू देऊ नकोस.

तुझी,
शेठ


११ मार्च

चि. शेठ,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात ठेवलं. हसू नकोस. खळ लावलेलं पुस्तक दोन दिवस दाबाखाली राहिलं नाही तर त्याची पाठ वाकडी होते, आणि घाईने दिलेल्या उत्तराचंही तसंच होतं, असं तुझे बाबा म्हणायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी माहेरी निघून जाते म्हणून त्यांना चिठ्ठी लिहिली होती. ती त्यांनी न वाचता शिकंज्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी बाहेर काढून मला विचारलं, आता वाचायची का. मी फाडून टाकली. तेव्हा हा नियम मोडायचा मला अधिकार नाही.

सध्या प्रबंधांचे दिवस. मुलं धापा टाकत येतात आणि उद्याच पाहिजे म्हणतात. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं मीच उठवते. तुझ्या समुद्रापलीकडच्या विद्यापीठाचं नाव मी अक्षरांच्या पट्टीवर जुळवून पाहिलं, एका ओळीत मावत नाही. तुझ्या विषयाचं एक पुस्तक मध्यंतरी शिवायला आलं होतं, तेही वाचलं. निम्मं समजलं नाही. मी वाचायला शिकले ती छापखान्यातून आलेले सोळा पानी फर्मे दुमडता दुमडता. सोळा पानं वाचून होत आणि पुढची सोळा दुसऱ्या बाईच्या पाटावर असत. अर्धवट समजण्याची मला सवय आहे.

आपला खळवाला म्हातारा म्हणतो, शेठ परदेशी गेली की आपले पुठ्ठे तिकडे विकेल. मी म्हटलं, आधी तुम्ही कामावर वेळेवर येत जा.

उत्तर दोन दिवसांनी लिहिते. तोवर माया असू दे.

आई


२ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

तुझं उत्तर आलं नाही. सोळा तारखेच्या रविवारी फोनवर विचारलं, तर तू म्हणालीस टाकलंय. तेवीसला विचारलं, तर टपालाचं काही खरं नाही म्हणालीस. तीसला मी म्हटलं, दोन शब्दांत आत्ताच सांगून टाक. तू म्हणालीस, जे आहे ते पत्रात आहे, आणि मग खळवाल्या आजोबांच्या खोकल्याचं सांगत बसलीस.

जा म्हणायचं असतं तर तू तेव्हाच म्हणाली असतीस. एवढा तुझा आवाज मला ओळखता येतो. एकतीसला दुपारी मी जवळच्या विद्यापीठाला होकार कळवला आणि दुसऱ्यांना नकार. त्यांचं लगेच दोन ओळींचं उत्तर आलं. जागा पुढच्या उमेदवाराला दिली आहे आणि मला शुभेच्छा आहेत. वर्गातला दुसरा मुलगा जातोय. त्याने सामानाची यादी दाखवली, मी त्याला राहिलेल्या दोन वस्तू सांगितल्या.

रुसणार नाही असं लिहिलं होतं. तो शब्द पाळायचा प्रयत्न चालू आहे. तिकडे वर्ग सुरू झाले की शनिवारी येत जाईन. तुझं पत्र पोचलं तर वाचेन.

तुझी मुलगी


९ एप्रिल

चि. शेठ,
आशीर्वाद.

पत्र पोचणार नव्हतं. ते मी टाकलंच नाही.

चौदा तारखेला लिहून झालं. मग वाटलं, आपलं उत्तरही दोन दिवस दाबाखाली राहू दे. तसा नियम नाही. तुझे बाबा आलेलं पत्र ठेवायचे, लिहिलेलं लगेच टाकून यायचे. नियम मी वाढवला. दोन दिवसांनी पत्र काढायला गेले आणि काढण्याऐवजी वर बारा प्रबंध चढवून दांडा आवळला. खळवाल्याने विचारलं, तळाला काही राहिलंय का. मी म्हटलं, असू दे. विसरले असं तुला लिहिता आलं असतं. विसरले नव्हते. तीन रविवार तुझ्याशी खोटं बोलले, तेही शिकंज्याशेजारी उभी राहून.

तुझे बाबा गेले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस, म्हणून मला वाटलं की थांबवता येतं.

चूक माझी आहे असं त्या विद्यापीठाला लिहिणार होते. पण जागा गेली म्हणतेस. तू शनिवारी येशील आणि मला आनंद होईल. तो तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही, त्याचीच लाज वाटते. माफी मागत नाही, कारण मागितली तर तू माफ करून टाकशील.

ते पत्र सोबत घातलं आहे. तुझं आहे, वाच नाहीतर फाड. माया ठेव असं दर वेळी लिहिते. या वेळी तू ठरव.

आई


(सोबतचं)

१४ मार्च

चि. शेठ,
अनेक आशीर्वाद.

समुद्रापलीकडे जा.

आता तू उलट विचारशील की तुझं कसं होईल, म्हणून आधीच सांगते, विचारू नकोस. माझं होईल तसं होईल. सकाळी काम असतं, संध्याकाळी वाचायला असतं, आणि मधला वेळ खळवाला डोकं खातो. तुझ्या बाबांशिवाय तीन वर्षं काढली, तुझ्याशिवाय दोन निघतील. तू जवळ राहिलीस तर दर शनिवारी माझ्याकडे बघशील आणि मी बरी आहे की नाही ते तपासशील. ते मला नको. तू तिकडे बंदरावर उभी राहून कुणाशी तरी भांडते आहेस, असं मनात आणलं की मला बरं वाटतं.

जास्त लिहीत नाही. टपालपेटी कोपऱ्यावर आहे, हात धुतले की लगेच निघते. घरात ठेवलं तर माझा मला भरवसा नाही.

आई